वाळवंटातला सोनेरी गालिचा आणि कपाटातली शीट्स

जानेवारीच्या अंकात दुर्मिळ फुलांवर लिहिताना मी गिलमॅनिया ल्युटिओला नावाच्या फुलाबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. पत्रं आली ती मात्र जवळजवळ सगळी त्याच्यावरच, काही इथून, काही थेट कॅलिफोर्नियातून. म्हणून मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत वगैरे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ, आज फक्त हे फूल आणि त्याच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे दाबून-वाळवून ठेवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, नोंदी.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिलमॅनिया हे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत उगवणारं एक बुटकं झाड, झाड कसलं, जमिनीला चिकटून पसरणारं रोपटंच. फुलं पिवळी, एकेक फूल टाचणीच्या डोक्याएवढं, पण शेकड्यांनी येतात म्हणून तिथले लोक त्याला 'गोल्डन कार्पेट' म्हणजे सोनेरी गालिचा म्हणतात. जगात दुसरीकडे कुठेच नाही. आणि गंमत म्हणजे कूळ आपल्या आंबट चुक्याचं! बाजारात जुडी मिळते तोच चुका. गिलमॅनिया या प्रजातीत ही एकच जात आहे, सख्खं भावंड कोणी नाही.

"ताई, तुमचा लेख वाचून आम्ही मार्चमधे मुलांना घेऊन डेथ व्हॅलीला गेलो. जायच्या आधी मी ऑनलाइन हर्बेरियमच्या नोंदी बघितल्या, फर्नेस क्रीकच्या आसपासच्या होत्या. तिथे गेलो तर नुसती पांढरट भेगाळलेली माती. दोन दिवस शोधलं. मुलगी विचारते, ते फूल संपलं का? तिला काय सांगू?" — एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

संपलं नाही, मातीत आहे, असं सांगा. आणि हे मी तिची समजूत घालायला म्हणत नाहीये, खरंच तसंच आहे.

डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी दोन इंच पाऊस पडतो. आपल्याकडे घाटावर आषाढातल्या एका दुपारी पडतो तेवढा, आणि तिथे तो अख्ख्या वर्षाचा. तिथल्या अनेक रानफुलांनी यावर एकच उपाय काढलाय, आयुष्याचा मोठा भाग बी म्हणून काढायचा. गिलमॅनिया वर्षायू आहे, उगवलं की फुलून बी धरून काही आठवड्यात वाळून जातं, आणि मग बी मातीत किती वर्ष पडून राहील ते पावसावर. १९४० च्या दशकात फ्रिट्स वेंट नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी मातीवर प्रयोग केले होते, त्यात त्याला असं दिसलं की माती खालून ओली करून बी उगवत नाही, पाणी वरूनच पडावं लागतं आणि तेही भरपूर, म्हणजे बियांवरची आणि मातीतली उगवण रोखणारी द्रव्यं आणि क्षार धुऊन जातील इतकं. साधारण हिशोब असा की हिवाळ्याच्या तोंडाशी एका दमात इंचभर तरी पडला पाहिजे. नुसता शिंतोडा आला तर बी हलत नाही. किती शहाणपण आहे बघा त्या मोहरीपेक्षा बारीक दाण्यात!

आणि चांगला पाऊस झाला तरी सगळं बी एकदम उगवत नाही. आपला कोरडवाहू शेतकरी थोडं बियाणं दुबार पेरणीसाठी कणगीत राखून ठेवतो ना, तसंच हे. अरिझोनात टूसॉनजवळच्या टेकडीवर लॅरी व्हेनेबल आणि त्यांचे सहकारी १९८२ पासून वाळवंटी वर्षायू झाडं दर वर्षी अक्षरशः मोजत आलेत, आणि त्यांना हेच दिसलं की ज्या जातीचं बी धरणं वर्षागणिक जास्त बेभरवशाचं, ती जात जास्त बी मागे ठेवते.

मुलीला कारवी माहीत असेल तर तिची तुलना सांगता येईल पण एक फरक ठेवून. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते ते तिच्या अंगच्या घड्याळावर, पाऊस कसाही होवो. गिलमॅनियाला असलं घड्याळ नाही, त्याला फक्त पाऊस कळतो. आणि पाऊससुद्धा वेळेवर लागतो. ऑगस्ट २०२३ मधे हिलरी वादळाने फर्नेस क्रीकला एका दिवसात २.२ इंच पाऊस पाडला, वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त, रस्ते वाहून गेले आणि बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानात तळं साचलं. पण भर उन्हाळ्यातला पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पाऊस यात वसंतात फुलणाऱ्या फुलांसाठी फार फरक असतो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. तुम्ही ऑनलाइन नोंदी बघून गेलात आणि वाटलं की नोंद आहे म्हणजे फूल असणार. हर्बेरियमची नोंद सांगते की अमुक तारखेला अमुक माणूस तिथे वाकला आणि त्याला हे झाड मिळालं. एवढंच. आणि जो गेला, दोन दिवस शोधत फिरला, हात हलवत परत आला त्याचं शीट, म्हणजे वाळवलेलं झाड आणि लेबल चिकटवलेला कागद, बनत नाही. कपाटात सगळी 'सापडलं' ची शीट्स असतात, 'नाही सापडलं' चं एकही नाही. म्हणून अशा फुलाच्या नोंदी बघताना तारखांच्या मधल्या रिकाम्या जागा बघायच्या आणि शेजारी त्या वर्षांचा पाऊस मांडायचा. १९९८, २००५, २०१६ या वर्षी डेथ व्हॅली फुलांनी भरून गेली होती, मधली कित्येक वर्ष जवळपास कोरडी. त्या मधल्या वर्षांत नोंद नसली तर झाड नामशेष झालं असा अर्थ काढणं म्हणजे मे महिन्यात कासच्या पठारावर जाऊन इथे फुलं नसतात म्हणण्यासारखं आहे.

तुमचे दोन दिवस वाया गेले नाहीत. तारीख, कुठून कुठपर्यंत चाललात, माती कशी होती, आधीच्या हिवाळ्यात पाऊस किती होता, हे मुलीच्या हातून वहीत लिहून ठेवा. पुढे पाऊस चांगला झालेल्या वर्षी परत जा. आणि सापडलं तर तोडू नका हं, नॅशनल पार्कमधे परवान्याशिवाय पान तोडायलाही बंदी आहे आणि ती योग्यच आहे. फोटो काढा.

"मी निवृत्त शिक्षिका. आता मोबाइलवर इतके सुंदर फोटो निघतात, मग झाडं उपटून, दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची कशाला? मला तर ती वाळकी तपकिरी झाडं बघून वाईटच वाटतं." — नाशिक

बाई, तुमचं वाईट वाटणं मला समजतं, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. रंग गेलेला असतो, फूल चपटं, पान खडखडीत. पण एकदा हातात शीट घेऊन भिंगाखाली बघा. मला आठवतंय, राजस्थानातल्या वाळवंटातलं एक जुनं शीट मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा कोपऱ्यात चिकटवलेली एक छोटी कागदी पुडी होती, गळलेली फळं-बिया ठेवायला अशी पुडी लावतात, ती उघडली तर बियांबरोबर चिमूटभर वाळू. देठावरच्या केसांतसुद्धा वाळूचे कण अडकलेले. ज्या दिवशी कुणीतरी ते झाड उचललं त्या दिवसाची वाळू! मी ती पुडी परत घडी घालून ठेवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

फोटोत वरची बाजू दिसते. देठावरचे केस साधे आहेत का फाटे फुटलेले, फुलाच्या आत पुंकेसर किती, बी कसलं, हे फोटोत दिसेलच असं नाही, आणि गिलमॅनियाच्या कुळात तर जाती ओळखायला असल्याच बारीक गोष्टी बघाव्या लागतात. शिवाय शीट ठेवणाऱ्याला जे प्रश्न कधी सुचलेही नव्हते त्यांची उत्तरं त्यातून निघतात. आयर्लंडमधे १८४५ पासून बटाट्यावर जो करपा पडला आणि लाखो माणसं उपाशी मेली, तो रोगाचा नेमका कुठला वाण होता हे २०१३ मधे कळलं, कशावरून, तर हर्बेरियममधे ठेवलेल्या बटाट्याच्या रोगट पानांतल्या डीएनएवरून. १९८७ मधे इयन वुडवर्ड यांनी हर्बेरियममधली दोनशे वर्षांतली पानं तपासली आणि दाखवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी पानांवरची रंध्रं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालीत. ती पानं दाबून ठेवणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याने फक्त नीट दाबलं, वाळवलं आणि लेबल लिहिलं.

मात्र एक नियम सगळे चांगले कलेक्टर पाळतात, चार-पाचच झाडं दिसली तर हात लावायचा नाही, फोटो आणि टिपण पुरे. दुर्मिळ फुलाच्या बाबतीत फोटो आणि शीट दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

"ताई, मी एमएससीला आहे. गिलमॅनियाच्या ऑनलाइन नोंदी डाउनलोड करून नकाशा केला. पण काही नोंदी अगदी सारख्या दिसतात, काही ठिपके मिठाच्या मैदानात मधोमध आहेत, आणि एक तर चीनमधे गेलाय! शिवाय जुन्या पुस्तकात हे नाव सापडतच नाही. माझं काय चुकतंय?" — छत्रपती संभाजीनगर

तुझं फारसं काही चुकत नाहीये, तू बघतोयस हे महत्त्वाचं, बरेच जण ठिपके न बघताच पुढे जातात.

आधी चीनचं. फर्नेस क्रीक साधारण ३६.५ उत्तर आणि ११६.९ पश्चिम. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागतं, ते फाइल इकडून तिकडे करताना गळलं की ११६.९ पूर्व होतं आणि ठिपका जाऊन पडतो चीनच्या जिनान शहराच्या आसपास. कॉलम उघडून चिन्ह बघ. आणि डेथ व्हॅलीत आणखी एक उणे असतं जे आपल्याला सुचत नाही, उंचीचं. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, त्यामुळे उंचीतलं चिन्ह गळलं तर तुझं झाड दीडशे-पावणेदोनशे मीटर वर चढून बसेल.

मिठाच्या मैदानातले ठिपके. जुन्या लेबलांवर अक्षांश-रेखांश नसायचेच, एखाद्यावर तर नुसतं 'डेथ व्हॅली' लिहिलेलं असतं, आणि ही दरी सव्वादोनशे किलोमीटर लांब आहे! शंभर वर्षांनी कुणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून त्या दोन शब्दांना ठिपका देतं, आणि ठिपका मधोमध देतात म्हणून तो मिठात पडतो जिथे काहीच उगवत नाही. अशा नोंदीशेजारी अनिश्चिततेचा कॉलम असतो, मीटरमधे, तो वाच. तिथे ५० लिहिलं असेल तर ती जागा, ३०,००० लिहिलं असेल तर तो फक्त अंदाज. दोन्ही ठिपके नकाशावर सारखेच गोल दिसतात हीच तर अडचण आहे. मी तुझ्या जागी असते तर मोठ्या अनिश्चिततेचे ठिपके नकाशावरून काढले असते पण तक्त्यात ठेवले असते, कारण जागा कळत नसली तरी तारीख खरी आहे.

आता सारख्या दिसणाऱ्या नोंदी. कलेक्टर एकाच ठिकाणी एकाच वेळी घेतलेल्या झाडांची चार-पाच शीट्स करतो, सगळ्यांना एकच नंबर देतो आणि वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवतो. त्यांना डुप्लिकेट म्हणतात. ऑनलाइन एकत्र केल्यावर त्या चार-पाच नोंदी दिसतात, पण निसर्गात ती एकच घटना आहे. कलेक्टरचं नाव, नंबर आणि तारीख जुळली की एकच धर. नाहीतर एखादं दुर्मिळ फूल कागदावर पाचपट दिसायला लागतं, आणि हे नुसतं प्रोजेक्टचे मार्क जाण्यापुरतं नाहीये, अशा फुगलेल्या आकड्यांवरून कुणीतरी ठरवू शकतं की या झाडाला संरक्षणाची गरज नाही.

डुप्लिकेटचा कंटाळा मात्र करू नकोस. १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले आणि बहुतेक सगळा संग्रह जळाला. ज्या झाडांच्या डुप्लिकेट दुसरीकडे होत्या तेवढ्याच वाचल्या. आणि सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट तर तुला सांगायलाच हवी, कारण ती या फुलापर्यंत येते. १९०६ च्या भूकंपात तिथल्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या इमारतीचा जिना कोसळला, आग जवळ येत होती, आणि ॲलिस ईस्टवुड नावाची वनस्पतीशास्त्रज्ञ, तेव्हा वय ४७, उरलेल्या कठड्याला धरत धरत सहाव्या मजल्यावर चढली. टाइप स्पेसिमेन, म्हणजे ज्या शीटवरून एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव दिलं जातं ती शीट्स, तिने आधीपासून वेगळी ठेवली होती, तेव्हा तशी पद्धत नसताना. सुमारे १५०० शीट्स दोरीने खाली सोडली. स्वतःच्या घरातलं मात्र काही वाचवता आलं नाही. तेव्हा आग अडवायला सुरुंग लावून इमारती पाडणाऱ्या सैन्याचा प्रमुख होता जनरल फ्रेडरिक फन्स्टन. आणि हाच फन्स्टन पंधरा वर्षांपूर्वी, १८९१ मधे, अमेरिकी शेतकी खात्याच्या डेथ व्हॅली मोहिमेत सहायक वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून झाडं दाबत फिरत होता! मला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी पुरत नाही.

त्या मोहिमेचा मुख्य वनस्पतीशास्त्रज्ञ होता फ्रेडरिक कोव्हिल, वय तेव्हा चोविशीच्या आत-बाहेर, आणि तुझा नावाचा प्रश्न त्याच्यापाशीच सुटतो. १८९३ मधे त्याने मोहिमेतल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ छापला, त्यात या फुलाला नाव दिलं फायलोगोनम ल्युटिओलम. पण फायलोगोनियम नावाची एक शेवाळाची प्रजाती आधीच नोंदलेली होती, नावं इतकी सारखी की घोळ होणार, आणि नियमाने जुन्या नावाचा मान पहिला. शेवटी १९३६ मधे कोव्हिलनेच नाव बदललं आणि प्रजातीला नाव दिलं मार्शल फ्रेंच गिलमन याचं, डेथ व्हॅलीतल्या झाडापाखरांचा अभ्यास करणारा तो निसर्ग अभ्यासक. पुढच्याच वर्षी कोव्हिल वारला. म्हणजे चोविशीत पाहिलेल्या फुलाचं नाव त्याने मरणाच्या आदल्या वर्षी नीट केलं. (आज आपण दुकानात जी मोठी ब्लूबेरी बघतो ती शेतात आणायचं कामही याच कोव्हिलचं.) तेव्हा दोन्ही नावांनी शोध, आणि 'ल्युटिओलम' चं 'ल्युटिओला' का झालं तर लॅटिनमधे प्रजातीचं लिंग बदललं की विशेषणाचं रूप बदलतं, आपल्याकडे पिवळं फूल पण पिवळी कळी तसंच.

आणि एक सांगते. शक्य असेल तिथे शीटचा स्कॅन उघडून बघ, नुसता तक्ता नको. लेबलाशेजारी छोट्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, नंतर कुणी बघून ओळख बदलली तर तो जुनं खोडत नाही, आपलं नाव-तारीख घालून नवी चिठ्ठी लावतो. कधीकधी एका शीटवर तीन पिढ्यांचा वाद शेजारीशेजारी बसलेला असतो आणि तक्त्यात त्यातली फक्त शेवटची ओळ येते.

"दुर्मिळ झाडांच्या नोंदीत नेमकी जागा झाकलेली का असते? माहिती सगळ्यांची आहे ना?" — ठाणे

माहिती सगळ्यांची आहे हे मान्य, पण झाड चोरणाराही त्या सगळ्यांतच येतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून डडलिया नावाची मांसल पानांची झाडं हजारोंनी उपटून परदेशात विकली जात होती, शेवटी २०२१ मधे राज्याला खास कायदा करावा लागला. आपल्याकडे आमरी म्हणजे ऑर्किडची काय गत होते ते पश्चिम घाटात फिरणाऱ्यांना माहीत आहे. अभ्यासासाठी नेमकी जागा हवी असेल तर हर्बेरियमला पत्र लिहा, कारण सांगा, बहुतेक वेळा देतात.

"हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे वाळवंट आहे, मग आपल्या वाळवंटातल्या फुलांच्या अशा नोंदी कुणी ठेवल्यात का?" — मुंबई

ठेवल्यात, आणि तुमच्याच शहरात आहेत! धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट, मुंबईत येऊन वनस्पतीशास्त्रात बुडून गेले. १९१७ मधे ते आणि त्यांचे सहकारी हॉलबर्ग जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात गोळा करत फिरले, आणि १९१८ ते १९२१ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधे 'फ्लोरा ऑफ द इंडियन डेझर्ट' ही लेखमाला आली. त्या काळी जैसलमेरला रेल्वे नव्हती हे लक्षात घ्या, आणि मग वाळूत झाडं दाबून, कागद बदलत बदलत, मुंबईपर्यंत सुखरूप आणणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. ब्लॅटर १९३४ मधे पुण्यात वारले. पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने १९७२ मधे जोधपूरला खास कोरड्या प्रदेशासाठी केंद्र काढलं.

आणि नातं बघायचं असेल तर थरच्या वाळवंटातला फोग बघा. तोसुद्धा चुक्याच्याच कुळातला, म्हणजे गिलमॅनियाचा लांबचा भाऊबंद. राजस्थानात त्याच्या कळ्या दह्यात घालून रायतं करतात. पण मुळं सरपणाला आणि कोळशाला इतकी खणली गेली की बऱ्याच ठिकाणी तो दिसेनासा झालाय. तो कुठे कुठे होता हे आज ठामपणे सांगायला आपल्याकडे जी साक्ष आहे त्यात ही जुनी शीट्स फार मोलाची आहेत.

"माझे आजोबा कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. वाडा विकायचा म्हणून माळा आवरताना त्यांची एक पत्र्याची ट्रंक निघाली, वर्तमानपत्रात घातलेली शंभर एक वाळलेली झाडं, बऱ्याच कागदांवर नुसते आकडे, २१२, २१३ असे. एक वहीपण आहे पण अक्षर लागत नाही. घरचे म्हणतात रद्दीत द्या. काय करू?" — सातारा

देऊ नका. कृपा करून देऊ नका. मी ज्या कॉलेजात शिकले तिथली तीन कपाटं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीत गेली, जून महिन्यात आम्ही परत आलो तर वर्गात रंगकाम झालेलं आणि कपाटांच्या जागी भिंत. त्यातली काही झाडं ज्या माळावरची होती तिथे आता वसाहत आहे. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की जीव तुटतो.

आधी तब्येतीचं सांगते. जुन्या काळी किडीपासून वाचवायला शीट्सना मर्क्युरिक क्लोराइड लावायचे, पाऱ्याचं संयुग आहे, विषारी. वर्षानुवर्ष ते कागदात राहतं. तेव्हा हातमोजे आणि मास्क घाला, लहान मुलांना लांब ठेवा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर गठ्ठा उघडू नका, झाडू मारून किंवा फुंकर घालून धूळ उडवू नका.

वर्तमानपत्र काढून फेकू नका, तारीख त्यावरच असते आणि झाड साधारण कधी दाबलं ते त्यावरून कळायला मदत होते. कागदांचा क्रम बदलू नका. सेलोटेपने काही चिकटवू नका. बारीक भोकं, पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागलीय, तो गठ्ठा वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, हर्बेरियमवाले तो डीप फ्रीजरमधे ठेवून कीड मारतात. मग पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं आहे, तुम्हाला साताऱ्याहून तिन्हीकडे जाता येईल. आधी फोटो काढून पाठवा, मग ट्रंक हलवा.

आणि वही. खरं सांगायचं तर ट्रंकेपेक्षा मला त्या वहीची जास्त काळजी वाटतेय. कागदावरचा २१२ हा फील्ड नंबर आहे, त्याचं गाव, तारीख, माती, फुलाचा ताजा रंग, स्थानिक नाव, हे सगळं वहीत २१२ समोर असणार. वही हरवली तर ट्रंकेत उरतो तो वाळका पाला, आणि वही असेल तर तीच शंभर झाडं शंभर जागांची साक्ष देतील. अक्षर लागत नाही म्हणताय तर घाई करू नका, एकेका पानाचा दिवसाउजेडी सरळ वरून फोटो काढा, आणि घरात आजी किंवा आजोबांबरोबर हिंडलेलं कुणी असेल तर त्यांच्याशेजारी बसून गावांची नावं वाचून बघा, जुन्या वाड्यावस्त्यांची नावं त्यांच्या तोंडून ऐकली की अक्षर आपोआप लागायला लागतं. वहीत २१२ समोर काय लिहिलंय तेवढं मात्र मला आधी कळवा.